रिग बोलतो, पण कॉम्प्युटरशी नाही

‘रिग फेल्युअर’ अशी चौकट पडद्यावर उमटली की माणूस आधी रिगकडे, म्हणजे रेडिओच्या संचाकडे, पाहतो. रिग बिचारा मजेत असतो. डायलचा दिवा लागलेला, स्पीकरमधून खरखर, मधूनच कुणाचा तरी परक्या भाषेतला आवाज. त्या चौकटीचा अर्थ फक्त एवढाच असतो की कॉम्प्युटरनं काही विचारलं आणि ठरल्या वेळात उत्तर आलं नाही. विचारलेलं रिगपर्यंत पोचलं का, पोचलं तर त्याला ते आपल्यासाठी आहे असं वाटलं का, त्यानं दिलेलं उत्तर परत येताना कुठे अडलं, यातलं काहीही ती सांगत नाही. माझा त्या चौकटीशी जो झगडा झाला, तो सगळा हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायला शिकेपर्यंतचा आहे.

आर्वी तालुक्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत रेडिओ. हौशी रेडिओची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळालं, आणि पैसे जमल्यावर आयकॉम कंपनीचा ७०६ मार्क टू जी हा जुना रिग एका परप्रांतातल्या हॅमकडून, म्हणजे हौशी रेडिओवाल्याकडून, घेतला. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटची ही चीज. हातात मावणारा, एचएफवर (लघुलहरींवर) १०० वॅट देणारा, आणि यूएसबीचं नावही न ऐकलेला. मागच्या बाजूला ‘रिमोट’ लिहिलेलं एक साडेतीन मिलिमीटरचं भोक, हेडफोनच्या भोकासारखं. कॉम्प्युटरला जे काही बोलायचं ते त्याच्यातून.

बोलायचं कशाला, असं घरात विचारून झालंच. एफटी८ हा कॉम्प्युटरकरवी छोटे संदेश पाठवायचा प्रकार २०१७ मध्ये आला. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी तो बसवला. १५-१५ सेकंदांचे फेरे, एका फेऱ्यात एकानं पाठवायचं, दुसऱ्यात ऐकायचं. जेमतेम ५० हर्ट्झ जागा लागते आणि कानाला मुळीच न जाणवणारा सिग्नलही कॉम्प्युटर उकलून दाखवतो. आमच्या गावाभोवती प्रत्येक विहिरीवर ऑटोस्विच, अलीकडे सोलर पंपांचे कंट्रोलर. दिवसा रिगचा एस-मीटर (सिग्नलची आणि गोंगाटाची ताकद दाखवणारा) खाली येतच नाही, आवाजानं बोलणं म्हणजे घसा फोडून घेणं. तिथे एफटी८ म्हणजे वरदान. आणि त्यात कॉम्प्युटरच्या हाती रिग असला तर बँड बदलला की फ्रीक्वेन्सी आपोआप बसते, लॉगमध्ये बरोबर नोंदली जाते, ट्रान्समिटचं बटण दाबायला माणूस लागत नाही. हे सगळं मी सौभाग्यवतीला समजावलं. ती म्हणाली, ‘इतकं करून तुम्ही कोणाशी बोलूनच नाही राहिले, नुसतं पाहून राहिले.’ त्यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

आता त्या भोकात काय आहे ते सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. आयकॉमच्या या पद्धतीला सीआय-व्ही म्हणतात. एकच तार, दुसरी जमीन. त्याच तारेवर कॉम्प्युटर विचारतो आणि त्याच तारेवर रिग सांगतो, त्यामुळे एका वेळी एकानंच बोलायचं. तारेवर एकापेक्षा जास्त रिग असू शकतात, म्हणून प्रत्येकाला हेक्स, म्हणजे सोळाच्या मोजणीतला, पत्ता. ७०६ मार्क टू जीचा कारखान्यातून आलेला पत्ता ५८, त्याच्या आधीच्या मार्क टूचा ४ई, आणि सगळ्यात पहिल्या ७०६चा ४८. कॉम्प्युटरचा सहसा ई०. फ्रीक्वेन्सी विचारायची तर तारेवर जातं: एफई एफई ५८ ई० ०३ एफडी. दोन एफई म्हणजे ‘ऐका हो’, मग कुणाला, मग कुणाकडून, मग ०३ म्हणजे ‘फ्रीक्वेन्सी सांग’, आणि एफडी म्हणजे संपलं. रिग उलट्या पत्त्यानं उत्तर देतो आणि फ्रीक्वेन्सीचे आकडे शेपटाकडून जोडीजोडीनं पाठवतो. ७.०७४ मेगाहर्ट्झ असेल तर ०० ४० ०७ ०७ ००. एकदा डोळ्यांना सवय झाली की हे वाचायला सातबाऱ्यापेक्षा सोपं.

दुकानात शेतकरी येतो आणि म्हणतो, ‘मोटर जयली भाऊ.’ मी कधी मोटर उघडत नाही. आधी पेटीतला फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि सगळं चोख निघालं तर मोटर वर काढायची. निम्म्या वेळा मोटर साबूत असते. रिगच्या बाबतीतही तेच करायचं ठरवलं: सॉफ्टवेअरच्या सेटिंगांत बोटं घालायची नाहीत, पेटीपासून सुरुवात करायची.

पेटीपाशीच पहिलं विघ्न. ऑनलाइन मागवलेली ‘सीआय-व्ही केबल’ मुलाच्या विंडोज लॅपटॉपला लावली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि खाली ‘कोड १०, हे उपकरण सुरू होऊ शकत नाही’. केबलच्या यूएसबीच्या टोकात एक चिप असते, ती यूएसबीचं सिरीयल पोर्ट करते. या चिपांच्या नकला इतक्या झाल्या की मूळ कंपन्यांचे नवे ड्रायव्हर नकली किंवा फार जुनी चिप ओळखून काम नाकारतात. २०१४ मध्ये तर एका ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता आणि जगभरच्या केबली एका अपडेटनं मुक्या झाल्या होत्या. जुना ड्रायव्हर शोधून बसवता येतो, बरेच जण तेच करतात, पण विंडोज संधी मिळाली की नवा आणून बसवतं. मला तो लपंडाव नको होता. शिवाय मुलाचा लॅपटॉप मुलाचा.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता, त्यात लिनक्स मिंट. तिथे ही केबल लागली, पण थांबून थांबून अक्षरं गाळायची. दुसरी केबल एका मित्रानं दिली, तिच्यात सीएच३४० चिप. ती लावली की टीटीवाय-यूएसबी-शून्य हे पोर्ट उमटायचं आणि पापणी लवायच्या आत नाहीसं व्हायचं. डीमेसेज ही आज्ञा कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी दाखवते. त्यात साफ लिहिलं होतं की ब्रलटीटीवाय नावाच्या सेवेनं ते उपकरण ताब्यात घेतलं. ही सेवा अंध माणसांच्या ब्रेल पडद्यांसाठी असते. काही ब्रेल यंत्रांत हीच चिप असल्यामुळे ती बिचारी प्रत्येक सीएच३४० पाहून धावते. मोठ्या पुण्याचं काम, पण माझ्या खोलीत ब्रेलचं यंत्र नाही. सेवा काढली, पोर्ट टिकलं. स्वतःला ‘डायलआउट’ गटात घालून एकदा लॉगआउट व्हावं लागतं, नाहीतर पोर्ट दिसतं पण उघडायची परवानगी मिळत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवतो. चौकटीतली चूक दोन प्रकारची असते. ‘आयओ एरर व्हाइल ओपनिंग’ असं आलं तर भानगड बहुतेक पोर्टाशीच: नाव चुकलं, परवानगी नाही, दुसऱ्याच प्रोग्रामनं पोर्ट धरून ठेवलं. ‘कम्युनिकेशन टाइम्ड आउट’ आलं तर पोर्ट उघडलं, प्रश्न गेला, उत्तर नाही. लोक दोन्हींना एकच समजून बॉड रेट (तारेवर बोलण्याचा वेग) बदलत बसतात. पोर्टच उघडत नसेल तर बॉड रेट बदलून काय होणार?

माझी चौकट आता पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात आली होती.

मित्राची केबल परत करायची होती, म्हणून आणि अंगात खोड म्हणूनही, मी स्वतःच एक बनवली. चांगल्या दुकानातून एफटी२३२ या यूएसबी-सिरीयल चिपचं छोटं मॉड्यूल घेतलं. त्याची ऐकायची पिन सरळ सीआय-व्हीच्या तारेला, आणि बोलायची पिन एका शॉटकी डायोडमधून त्याच तारेला, डायोडची पट्टी मॉड्यूलकडे. तार निवांत असताना रिग तिला आतूनच ५ व्होल्टच्या आसपास वर ओढून धरतो. मॉड्यूलला बोलायचं असेल तेव्हा ते डायोडमधून तारेला खाली ओढतं. एवढंच. मॉड्यूल सोडलं तर दहा-वीस रुपयांचं काम, तेही डायोड ड्रॉवरमध्ये नसेल तर.

ती जोडण्याआधी सवयीनं मल्टिमीटर लावला. लॅपटॉप चार्जरवर, रिग आपल्या सप्लायवर, मध्ये काही जोडलेलं नाही, आणि दोघांच्या धातूच्या अंगांत एसीवर शंभराच्या आसपास व्होल्ट. स्विचिंग सप्लायच्या आत जमिनीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यामुळे अंगावर मेनच्या निम्म्या इतका व्होल्टेज तरंगत राहतो. लॅपटॉपला हात लावला की जी मुंगी येते ती हीच. माणूस मरत नाही, पण जोडताना पिन आधी टेकली आणि जमीन मागाहून, तर हा झटका थेट रिगच्या सीआय-व्हीच्या तारेत जातो, आणि तिथली चिप माणसाइतकी चिवट नसते. आमच्याकडे तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा अडॅप्टर लावायची रीतच आहे.

घराचा अर्थिंगचा गज पाहिला. काळी भारी जमीन. पावसाळ्यात लोण्यासारखी, आणि मे महिन्यात भेगा पडून गजाभोवती बोट जाईल एवढी पोकळी. गज जमिनीत आहे, जमीन गजाला नाही. मोठा खड्डा करून मीठ-कोळसा भरला, त्यावर कुलरची निघणारी पाण्याची धार सोडली. दोन अंगांमधला व्होल्टेज मीटरच्या काट्याला जेमतेम हलवेल इतका उरला. मग केबल जोडली. जोडताना दोन्हीकडचं बंद ठेवलं, ते वेगळं.

आता तारेवर काय चाललंय ते पाहायची वेळ. रोज सकाळी ७ मेगाहर्ट्झवर विदर्भातले चार लोक भेटतात. नागपूर इथून शंभरेक किलोमीटर, दिवसा ४० मीटर बँडला हे अंतर अगदी हक्काचं. तिथे एक काका आहेत, तारखात्यातून निवृत्त झालेले. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं: पोर्ट उघडतं, उत्तर येत नाही, सगळे बॉड रेट करून पाहिले. काका म्हणाले, ‘ते सॉफ्टवेअर बंद करून टाका बरं आधी. आता रिगले काही विचारू नका. त्यालेच बोलू द्या. कच्च्या बाइट पाहा आणि डायल फिरवा.’

पोर्टवर येणाऱ्या बाइट जशाच्या तशा दाखवणारी हेक्सडंपची आज्ञा मी चालू केली, डायल फिरवला, आणि अर्थातच काका गायब झाले. त्याच रिगवर बोलतोय आणि त्याचाच डायल फिरवतोय, दुसरं काय होणार. पण पडद्यावर ओळी धावायला लागल्या होत्या. ४८०० वर कचरा, काही म्हणता काही लागत नव्हतं. पोर्ट ९६०० वर केलं आणि पुन्हा डायल फिरवला: एफई एफई ०० ४८ ००, मग फ्रीक्वेन्सी, मग एफडी. पुन्हा तेच, पुन्हा तेच, फक्त आकडे सरकत.

सीआय-व्हीमध्ये ‘ट्रान्सीव्ह’ नावाची सोय असते, कारखान्यातून ती चालूच येते. डायल हलला की रिग न विचारता सगळ्यांना नवी फ्रीक्वेन्सी सांगतो. सगळ्यांचा पत्ता ००, आणि त्याच्यापुढे सांगणाऱ्याचा स्वतःचा पत्ता. म्हणजे एका डायलच्या गिरकीत मला तीन उत्तरं मिळाली होती. रिगपासून कॉम्प्युटरपर्यंतची वाट चोख आहे. बॉड रेट ९६०० आहे. आणि पत्ता ५८ नाही, ४८ आहे.

७.०७४ वरून वर-खाली करत काकांना शोधून काढलं. पत्ता सांगितला तर ते हसले. जुने लॉगिंग प्रोग्राम फक्त पहिल्या ७०६ला ओळखायचे. ज्याच्याकडे मार्क टू जी असेल तो रिगलाच ४८ पत्ता देऊन मोकळा व्हायचा. आधीच्या मालकानंही तेच केलं असणार, आणि बॉड रेटही ‘ऑटो’वरून काढून ९६०० वर पक्का केलेला. त्याच्या जागी तो बरोबरच होता. माझा प्रोग्राम मात्र ५८ नंबरच्या घराची कडी वाजवत होता आणि ४८ नंबरवाला आतून ऐकत बसला होता, आपल्याला कुणी हाक मारत नाही म्हणून गप्प.

प्रश्न पाठवल्यावर काय येतं तेही पाहून घेतलं, कारण ते पुढे फार कामाला आलं. तार एकच असल्यामुळे आपण पाठवलेलं आपल्यालाच ऐकू येतं. हा प्रतिध्वनी म्हणजे फुकटचा टेस्ट लॅम्प. प्रतिध्वनीही नाही, तर बिघाड माझ्याकडच्या गाठीच्या आत: चिप, सोल्डर, डायोड उलटा. प्रतिध्वनी येतो पण उत्तर नाही, तर गाठीपर्यंत ठीक, पुढे प्लग, बॉड किंवा पत्ता. आणि प्रतिध्वनीपाठोपाठ उत्तर आलं, पण त्यात एफडीच्या आधी एफए असेल, तर रिगला ऐकू आलं, फक्त ती आज्ञा त्याला मान्य नाही. काही बदलायला सांगितलं असेल आणि ते मान्य असेल तर एफबी.

रिगमध्ये पत्ता परत ५८ केला. हॅमलिब या रिगांशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर रिगसीटीएल नावाची छोटी आज्ञा येते. तिला मॉडेल ३०११, पोर्ट आणि ९६०० सांगितलं आणि ‘एफ’ दाबलं. ७०७४००० असा आकडा आला. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या प्रोग्राममध्ये ‘टेस्ट कॅट’चं, म्हणजे रिगशी बोलणं तपासायचं, बटण हिरवं झालं. मुलगा शाळेतून आला होता, त्याला हाक मारून दाखवलं. ‘बाबा, एवढंच?’ म्हणाला.

पोरगा बरोबरच बोलला, कारण ट्रान्समिट अजून होतच नव्हतं.

नवे रिग सीआय-व्हीवरूनच ट्रान्समिटची आज्ञा घेतात. ७०६च्या घराण्यात ती सोयच नाही. त्यासाठी मागच्या सॉकेटमधली पीटीटीची (ट्रान्समिट चालू करायची) पिन जमिनीला टेकवावी लागते, म्हणजे मॉड्यूलच्या आरटीएस या इशाऱ्याच्या रेषेवर एक ट्रान्झिस्टर. जुना नकाशा मिळाला, एक एनपीएन ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर. जोडला आणि लॅपटॉपवर एकही प्रोग्राम चालू नसताना रिग ट्रान्समिटमध्ये जाऊन बसला. प्रोग्राम चालू करून ट्रान्समिट दाबलं की उलट ऐकायला लागायचा.

तो नकाशा खऱ्या सिरीयल पोर्टासाठीचा होता. तिथे निवांत रेषा ऋण व्होल्टेजवर असते आणि काम असलं की धन होते. माझ्यासारख्या टीटीएलच्या (ऋण व्होल्टेज नसलेल्या) मॉड्यूलवर आरटीएस उलटी: निवांत असताना वर, कामाच्या वेळी खाली. एफटी२३२ अस्सल असेल तर तिच्या आतल्या मेमरीत ही रेषा उलटवता येते, पण त्याचा प्रोग्राम विंडोजवर. मी आधी एक बीसी५५७ लावला, जो रेषा खाली गेली की वाहतो, आणि त्यानं पुढच्या एनपीएनला चालवायचं. रिग शहाण्यासारखा वागायला लागला. लिनक्समध्ये पोर्ट उघडताना आरटीएस क्षणभर चालू होते, म्हणून प्रोग्राम सुरू करताना रिलेचा एक ‘टक’ अजूनही येतो. त्याच्या मागे मी लागलो नाही. साइडबँडवर ऑडिओ नसेल तर काही बाहेर जातच नाही.

४० मीटरवर २० वॅटनं पहिला संपर्क झाला, मग बरेच झाले. त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी होती, दिवसा पंप बंद, बँड शांत. मग एका संध्याकाळी २० मीटरवर गेलो, १४.०७४, आणि पहिल्याच ट्रान्समिटला चौकट हजर. ‘रिग फेल्युअर’.

ही चौकट वेगळी होती. ऐकताना तासन्‌तास काही नाही. ट्रान्समिट केलं की सेकंदाच्या आत. कधी कधी रिग ट्रान्समिटमध्येच अडकून राहायचा, कारण त्याला सोडायला सांगणारा पोर्टच गेला. एक हात सप्लायच्या स्विचवर ठेवून बसायला लागलो. डीमेसेजमध्ये पाहिलं तर कर्नलनं स्वतःच अंदाज बांधला होता: पोर्ट हबनं बंद केलं, आणि कंसात ‘ईएमआय?’ (विद्युतचुंबकीय व्यत्यय?) असं प्रश्नचिन्हासकट. परत जोडलं की नवं नाव टीटीवाय-यूएसबी-एक, आणि प्रोग्राम शून्यालाच धरून बसलेला. नावाची भानगड तरी लगेच मिटवली. ‘सिरीयल, बाय-आयडी’ या फोल्डरमध्ये प्रत्येक मॉड्यूलचं कायमचं नाव असतं, ते दिलं.

दोन संशयित होते. एक, ट्रान्समिटला सप्लायवर ओझं पडून व्होल्टेज बसत असेल. आमच्याकडे संध्याकाळी लाइट आधीच मंद. दुसरा, अँटेनातली रेडिओलहर घरात परत येत असेल. दोघांना वेगळं करायला डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावून शक्ती जिरवणारा रेझिस्टर, लागतो, आणि रिवायंडिंगवाल्याला त्याची काय कमी. १ किलोओमचे २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओम. ते वायर गुंडाळलेले चालत नाहीत, कारण ती गुंडाळी एचएफला अडवते. कार्बनचे हवेत. रंगाच्या रिकाम्या डब्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल, त्यात बुडवले. अँटेना काढून हा डबा लावला आणि १४.०७४ वर ५० वॅट सोडले. पोर्टचा केसही हलला नाही. सप्लाय निर्दोष.

अँटेना म्हणजे वीस मीटरची तार, एका टोकाला खिडकीवर बसवलेला ४९ : १चा ट्रान्सफॉर्मर, दुसरं टोक अंगणातल्या कडुनिंबावर. अशी टोकाकडून भरलेली तार सोयीची, एकच टोक घरात आणायचं. पण करंटला परतीची वाट लागतेच, आणि दुसरी वाट नसेल तर तो कोअक्सच्या (रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून घरात येतो, रिगच्या अंगावर, तिथून यूएसबीच्या वायरीवर. माझा कोअक्स पाच मीटरच्या आसपास. १४ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २१ मीटर, म्हणजे कोअक्स जवळजवळ बरोबर पाव तरंगाचा. ७ला तो एवढा मनापासून वाजत नव्हता, १४ला तो अँटेनाचाच भाग झाला होता.

आधी स्वस्तातला उपाय. जुन्या मॉनिटरच्या केबलींवर जे काळे गठ्ठे असतात ते फोडून फेराइट काढलं आणि यूएसबीवर चढवलं. फरक शून्य. ते फेराइट व्हीएचएफच्या, म्हणजे एचएफपेक्षा वरच्या फ्रीक्वेन्सींच्या, आसपासच्या गोंगाटासाठी असतं, आणि त्यातून वायर एकदाच सरळ गेली तर एचएफवर त्याला काही जोर नसतो. कॉइलवाल्याला हे वेगळं सांगायची गरज नव्हती: वेढे दुप्पट तर इंडक्टन्स चौपट. मग ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचं २.४ इंच व्यासाचं कडं मागवलं, जे खास एचएफसाठी घेतात. त्यातून कोअक्सचे जेवढे वेढे बसतील तेवढे दिले आणि खोलीत शिरण्याच्या जागी लावलं. ट्रान्सफॉर्मर खिडकीवरून काढून कुंपणाच्या लोखंडी खांबाला नेला, आणि परतीची वाट म्हणून त्याच्या जमिनीच्या टोकाला कुंपणालगत एक छोटी तार सोडली. यूएसबीची लांब वायर काढून वीतभराची लावली.

हे सगळं एकदम केलं नाही. एकेक बदलून ट्रान्समिट करून पाहत गेलो, कारण एकदम केलं असतं तर कशानं जमलं ते कधीच कळलं नसतं. सगळ्यात जास्त फरक ट्रान्सफॉर्मर बाहेर नेल्यानं पडला, त्याखालोखाल कड्यानं. यूएसबीवरच्या कुठल्याही फेराइटनं नाही. बहुतेक जण यूएसबीपासून सुरुवात करतात, कारण चौकट यूएसबीची येते. माझं मत असं झालंय की लहर घरात आल्यावर तिला दारोदार अडवण्यापेक्षा वेशीवर अडवावी.

२० मीटरवर आता ५० वॅटला पोर्ट बसून असतो. १० मीटरवर ३० वॅटच्या वर गेलं की अजून कधीमधी उडतो. कोअक्सच्या अँटेनाकडच्या टोकाला दुसरं कडं लावायचं आहे. ते मागवलंय. तोवर त्या बँडवर २५ वॅटच. काकांनी सल्ला दिला की मॉड्यूल आणि रिग यांच्या मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशानं सिग्नल पलीकडे पोचवणारी चिप) लावून दोन्ही बाजूंच्या जमिनी तोडून टाकाव्या. ते खरं आहे, पण सध्या दुकानात तुरीच्या ओलिताच्या मोटरी येऊन पडल्यात.